खलाशी छाप डबा

एखादी वस्तू नापास झाली की केतकी शिवलकरला वाईट वाटायचं. नोकरीच तसली. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत दिवसभर संगणकांचे पॉवर सप्लाय यायचे आणि त्यांतल्या कितीतरींना तिला आल्या पावली परत पाठवावं लागायचं. पण त्या दिवशी टेबलावरचा पिवळ्या लेबलाचा डबा नापास झाला आणि बाईसाहेब चक्क खूश झाल्या. खोटं कशाला सांगायचं! डबा तिच्या आईच्या घरून आला होता.

मंदाकिनीबाईंनी रत्नागिरीहून तो जुन्या सुती साडीत गुंडाळून पाठवला होता, सोबत फणसाची साटं आणि आमसुलं. त्यामुळे खोक्यातून आधी फणसाचा वास बाहेर आला आणि मग डबा. लेबलावर ठसठशीत अक्षरांत 'खलाशी', खाली नांगराचं चित्र आणि त्याखाली 'पावसकर इलेक्ट्रॉनिक्स, मिरकरवाडा'. प्रयोगशाळेत कुणी हे नाव ऐकलेलं नव्हतं. ऐकणार तरी कुठून? मिरकरवाड्याच्या बंदराबाहेर ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

आता पॉवर सप्लाय म्हणजे काय, तर भिंतीतून येणारी आडदांड वीज संगणकाला सोसेल अशी सौम्य करून देणारा डबा. त्याच्या पोटात कपॅसिटर नावाच्या विजेच्या छोट्या टाक्या असतात. वीज क्षणभर गेली तर टाकीतला साठा पुरवून संगणकाला कळूही न देणं, हे चांगल्या सप्लायचं काम. वर्षं गेली की टाक्या वाळतात, साठा आटतो, आणि एके दिवशी डबा मान टाकतो. पूर्वी लोक डबा हातात घेऊन वजनावरून त्याची किंमत करायचे, नाहीतर दुकानदाराच्या शब्दावर जायचे. मग 'नाडी' निघाली. हे यंत्र सप्लायवर अचानक लोड टाकायचं, अचानक काढून घ्यायचं, आणि त्या दणक्यांनी आतली वीज कशी थरथरते ते ऐकायचं. लाखो सप्लायच्या थरथरी तिला शिकवलेल्या होत्या. समोरची थरथर त्यांतल्या कुणाशी जुळते ते पाहून नाडी श्रेणी द्यायची आणि डबा किती वर्षं जगेल तेही सांगायची.

नाडी आली आणि बाजारच पालटला. नाडीला आवडतील असेच सप्लाय मोठ्या कंपन्या बनवू लागल्या, आणि श्रेणी नाही तर गिऱ्हाईक नाही, असं होऊन गावोगावचे छोटे कारखाने एकेक करून बंद पडले.

हे सगळं आईपर्यंत पोचायचं कारण तिचं हृदय. मंदाकिनीबाईंच्या हृदयात ठोके सांभाळणारं, तांदळाएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. सगळे त्याला 'दाणा'च म्हणत. त्या दाण्याला कधी जोरात चालायचं आणि कधी हळू, हे घरातला 'सोबती' नावाचा संगणक सांगायचा. घरातला फोनसुद्धा त्याच्यातूनच चालायचा. सोबती बंद पडला तर दाणा एकाच ठरावीक चालीनं ठोके देत राहायचा. बसल्या जागी त्यानं काही बिघडत नसे, पण पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. नामांकित कंपन्यांचे दोन सप्लाय रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत नि बेभरवशाच्या विजेत जळून गेले, आणि दुसऱ्या वेळी आई परसातल्या पायऱ्यांवर होती. नशीब, वेळेवर खाली बसली. त्यानंतर शेजारच्या पावसकरांनी स्वतः बनवलेला खलाशी आणून बसवला, आणि तेव्हापासून सोबती एकदाही बंद पडला नव्हता.

पण सोबतीवाल्या कंपनीनं आता नवा नियम काढला होता. सप्लायला नाडीची श्रेणी हवी. नसेल, आणि कंपन्यांचे सप्लाय त्या घरात टिकत नसतील, तर पेशंटनं मोठ्या शहरात, हॉस्पिटलच्या जवळ राहायला जावं. म्हणजे आईनं पुण्याला यावं. केतकीनं तिच्यासाठी खोली कधीची तयार करून ठेवली होती. पडदेसुद्धा आईच्या आवडीच्या मोरपिशी रंगाचे. वडील गेल्यापासून ती आईच्या मागे लागली होती, आणि आई दर वेळी हसण्यावारी न्यायची.

पडद्यावर नाडीचा निकाल होता: 'ड. वापरू नये. सर्वांत जवळचा नमुना: वाळलेला, जुना सप्लाय.' त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: 'जुळणी कमकुवत.' केतकीनं ती वाचली आणि पडदा बंद केला.

"आई, नापास झाला गं तुझा डबा," तिनं लगेच फोन लावून सांगितलं.

"कोण, खलाशी?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "अगो, त्याचाच भाऊ इथे लावलाय. वर्षभरात हूं का चूं नाही केलंन त्यानं. तुझ्या त्या सुटाबुटातल्या सप्लायच्या वेळी चार वाजता बर्फाचा कारखाना चालू झाला की आपला फोन तुटायचा. आठवतं ना?"

"आठवतं. पण यंत्र म्हणतंय की हा कधीही जाईल. आता हट्ट नको. तू इकडे ये. आपण दोघी मजेत राहू. तुझ्या खोलीतून टेकडी दिसते."



"बरं," आई म्हणाली.

केतकीनं फोन ठेवला आणि साटाचा एक तुकडा तोंडात टाकला. चावता चावता ती थांबली. बरं? ही बाई भाजीवाल्याच्या 'ताजी आहे' यावरसुद्धा हुज्जत घालते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असताना हिनं साहेबांना सळो की पळो करून सोडलं होतं. आणि घर सोडायचं म्हटल्यावर नुसतं बरं?

दोन दिवसांनी रत्नागिरीच्या मावशीचा फोन आला. "केतकी, मंदा अबोलीच्या कुंड्या वाटत सुटलीय गो. मला दोन दिल्या. भजनाची पेटी देवळात देऊन आली. पुण्याला येतेय म्हणे. खरं की काय?"

केतकीला रडूच कोसळलं. पेटी! बाबांनी घेऊन दिलेली पेटी. ती तशीच उठली, टेबलाशी गेली आणि 'जुळणी कमकुवत' ही ओळ पुन्हा काढून बघत बसली. कमकुवत म्हणजे नाडीनं असं काही आजवर पाहिलेलंच नव्हतं. अनोळखी चेहरा दिसला, तर ओळखीतल्या एका म्हाताऱ्यासारखा वाटला म्हणून तिनं त्याला म्हातारा ठरवून टाकलं होतं. हे कळायला केतकीला तज्ज्ञ असायचीही गरज नव्हती. कळूनही तिनं पडदा बंद केला होता, कारण निकाल तिला हवा तोच होता.

तिनं डबा उघडला. आत सगळीकडे लाखेसारखा जाड थर दिलेला, मिठाच्या हवेनं तांबं खाऊ नये म्हणून. टाक्या गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या. आणि सर्किट असं जुळवलेलं की दणका बसला तरी डबा उडी मारत नाही, सावकाश सावरतो. ही चाल मुद्दाम ठेवलेली होती, म्हातारपणाची नव्हे. प्रयोगशाळेतली वीज गाळून घेतलेली, एकसारखी, गुळगुळीत. तिच्यावर खलाशी आळशी दिसणारच. तो त्या विजेसाठी बनलेलाच नव्हता. केतकीनं रजा टाकली, डबा परत बंद केला, हातात मावणारी छोटी नाडी आणि 'अ' श्रेणीचा एक नामांकित सप्लाय बॅगेत भरला आणि रत्नागिरी गाठली.

पावसकर तिची वाटच बघत होते. जनार्दन पावसकर, वय सत्तरीच्या आसपास, ट्रॉलरवरचे वायरलेस आणि मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला. बोटीवरच्या जनरेटरची वीज घटकेत वर, घटकेत खाली. तिला पुरून उरेल असा सप्लाय मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच बनवायला घेतला. विनयाचं मात्र या गृहस्थांना वावडं होतं.

"काय पोरी, माझा डबा नापास केलास म्हणे?" त्यांनी ओसरीवरूनच सुरुवात केली. "अगो, वादळात बोट उलटायची वेळ आली तरी माझ्या डब्यावरचा वायरलेस बोलत होता! तुझ्या नाडीनं वादळ बघितलंय कधी?"

"अहो पावसकर, तिला आधी हातपाय तर धुऊ देत," मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या. "चहा टाकलाय, तुमचाही. साखर तुम्ही म्हणता तेवढी नाही घातलेली, आधीच सांगते."

"शिवलकरबाई, तुमच्या हातचा चहा म्हणजे औषधच."

"मग औषधासारखा गुपचूप प्या."

केतकीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आई हसत होती. एवढं मोकळं हसताना तिनं आईला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि या हसण्यापासून आपण तिला उचलून नेणार होतो, हे तिच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात कुंड्यांच्या ओल्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

दुपारी तिनं घरातल्या विजेवर आधी 'अ' श्रेणीचा सप्लाय जोडला, त्यावर एक सुटा संगणक लावला आणि सगळे चार वाजायची वाट बघत बसले. चार वाजता बंदरात बोटी लागतात. मासळीला बर्फ लागतो आणि कारखान्याचे मोठाले कंप्रेसर चालू होतात. अख्ख्या वाडीचं व्होल्टेज गचकन खाली येतं. झालंही तसंच. पंखा मंदावला, दिवा पिवळा पडला, आणि सुटा संगणक टुक करून बंद.

"अ श्रेणी!" पावसकर म्हणाले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

मग केतकीनं पुण्याहून परत आणलेला खलाशी जोडला. कंप्रेसर एकामागून एक सुरू होत होते. पंखा पुन्हा मंदावला, दिवा पुन्हा मिणमिणला. संगणक चालूच. पुन्हा एक धक्का, तरीही चालूच. भरलेल्या मोठ्या टाक्या संथपणे साठा पुरवत होत्या. नाडीच्या पडद्यावरची रेषा किंचित वाकली आणि सावकाश सरळ झाली.

"आता बोल!" पावसकरांची छाती फुगली.

केतकी रेषेकडे डोळे बारीक करून बघत होती. त्या मोठ्या संथ वळणावर एक बारीकशी शिरशिरी होती. पुण्यातही ती होती. फक्त तिथे नाडीनं सगळंच म्हातारपण ठरवल्यामुळे वेगळी दिसली नव्हती.

"काका, हा उघडावा लागेल. आत एक टाकी कच्ची आहे."

"माझ्या डब्यात?" पावसकरांचा आवाज चढला. "अगो, एकेक कपॅसिटर मी हातानं लावलाय! तुझं यंत्र आधी म्हणालं म्हातारा आहे. ते खोटं निघालं, तर आता हे नवीन काढलंस होय? आईला पुण्याला न्यायचंय तर सरळ सांग!"

केतकीचे कान तापले, कारण त्यांतली अर्धी गोष्ट खरी होती. "न्यायचंय तर आहेच," ती म्हणाली. "पण ही शिरशिरी खोटी नाही."

"पावसकर," मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "उघडा तो."

लाखेचा थर खरवडायला वेळ लागला. केतकीनं एक जाडजूड कपॅसिटर सोडवून पावसकरांच्या हातात ठेवला. त्यांनी पकडीनं त्याचं वरचं टोपण कापलं. आत, मोठ्या डबीच्या पोटात, करंगळीच्या पेराएवढा दुसराच हलका कपॅसिटर बसवलेला होता. बाहेरची डबी नुसती शोभेची. कुण्या व्यापाऱ्यानं पावसकरांच्या गळ्यात नकली माल मारला होता. एवढा छोटा कपॅसिटर अजून वर्षभर चालला असता, नाहीतर उद्याच गेला असता.

पावसकर मटकन जमिनीवर बसले. मग मंदाकिनीबाईंकडे न बघताच म्हणाले, "शिवलकरबाई, हे मी तुमच्या काळजाला जोडलं होतं. तुम्ही पायऱ्यांवर असता आणि... मला माफ करा."

"मी काही पायऱ्यांवर नव्हते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "घरात लावलेला भाऊ याच खेपेतला ना? आधी तो बदला. आणि आणखी कुणाकडे गेलेत ते आठवा."

पावसकर उठले. जुन्या खेपेतला, आधी तपासलेला एक डबा त्यांनी दुकानातून आणला. केतकीनं नाडी लावून खात्री केली आणि सोबतीला जोडला. मग पावसकरांनी स्कूटरला किक मारली आणि गेलेच. कपातला दुपारचा चहा तसाच राहिला. मंदाकिनीबाई कपाकडे बघत म्हणाल्या, "चहा टाकून हा माणूस आजवर कधी गेला नव्हता गो."

नकली कपॅसिटरचे डबे घराघरांतून आणि बोटींवरून परत आणायचे होते. पावसकर एकटे कुठे कुठे पुरणार? मंदाकिनीबाईंनी चष्मा लावला, फोन जवळ ओढला आणि एक्स्चेंजमधला तो जुना आवाज काढला. "नमस्कार, पावसकर इलेक्ट्रॉनिक्सतर्फे बोलतेय. आपल्याकडचा खलाशी डबा बंद करू नका, घाबरू नका, बदलून मिळेल. आपलं नाव?" पलीकडून कुणी चिडलं तर तेवढ्याच गोडीत, "चिडा हो, हक्कच आहे तुमचा. पण डबा परत द्या." काही दिवस घरात हेच चाललं होतं. पावसकर डबे आणायचे, केतकी नाडी लावायची, आणि कच्चे निघालेले कपॅसिटर पावसकर बदलायचे. एकही डबा त्यांनी 'हा चालेल तसाच' म्हणून सोडला नाही. आपल्या बढाया मात्र दुसऱ्या दिवसापासूनच पुन्हा सुरू केल्या.

रजा संपत आली तेव्हा केतकी नाडी घेऊन आईशेजारी ओसरीवर बसली. नाडी अजूनही खलाशीला 'ड'च म्हणत होती. पण अनोळखी जातीच्या सप्लायची मोजमापं नाडीला नव्यानं शिकवायचा अधिकार तपासनीसाला असतो, आणि मोजमापं आता तिच्याकडे भरपूर होती, खऱ्या विजेवरची. ती शिकवली की जो तो डबा आपल्या गुणानं पास झाला असता किंवा नापास. तिनं ती शिकवली नसती, तर कुणी विचारणारही नव्हतं. आई पुण्याला आली असती.

"आई," ती म्हणाली, "तेव्हा मला दिसलं होतं की निकाल पक्का नाहीये. तरी मी तुला फोन केला. मला तू जवळ हवी होतीस गं."

"ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं? मग बरं का म्हणालीस? भांडली का नाहीस?"

मंदाकिनीबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "जन्मभर आवाज ऐकलेत गो मी. कोण रडतंय, कोण खोटं हसतंय, तारेवरनं कळायचं मला. डबा नापास झाला सांगताना तुझ्या आवाजात एवढा आनंद होता, मोडवेना मला तो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच ऐकला होता."

केतकी आईच्या मांडीत डोकं घालून लहान मुलीसारखी रडली. आईनं रडू दिलं. मग तिनं डोळे पुसले आणि नाडीला खलाशी शिकवला. यंत्रानं थोडा वेळ घेतला. 'नवीन जात नोंदली. अ.'

पावसकर फाटकाशीच उभे होते. "पास?" त्यांनी विचारलं.

"डबा पास," केतकी म्हणाली. "तुमचं अजून बघायचंय."

पावसकर लाजले. खरंच लाजले, कानापर्यंत. मंदाकिनीबाई "चल, काहीतरीच!" म्हणून आत निघून गेल्या.

पुण्याला परतून महिना झाला असेल. प्रयोगशाळेत आता गावोगावचे अनोळखी डबे यायला लागले होते, कुठला आंब्याच्या पेटीत, कुठला शेवयांच्या डब्यात, आणि केतकी वरिष्ठांशी भांडून त्यांच्या त्यांच्या गावच्या विजेच्या नोंदी मागवून घ्यायच्या खटपटीत होती. अशात एका रविवारी दुपारी केतकी घरी असताना आईचा फोन आला. पेटी देवळातून परत आणलीय, परत आलेल्या अबोलीला कळे धरलेत, सुरमई मिळाली नाही, अशी इकडची तिकडची टकळी चालू होती. तिच्या बोलण्याला आज काही टोक नव्हतं, म्हणजे सांगायचं वेगळंच काहीतरी होतं.

"आणि काय गो, ते पावसकर आहेत ना..." मंदाकिनीबाई थांबल्या. केतकीनं घड्याळात बघितलं. चार. पलीकडे पंख्याची घरघर मंदावलेली तिला स्पष्ट ऐकू आली. कारखाना चालू झाला होता. पूर्वी नेमका इथेच फोन तुटायचा. "...तर आम्ही दोघांनी ठरवलंय," आईचा आवाज जराही न अडखळता पुढे आला, "की एका घरात राहायचं. रीतसर. तुला काय वाटतं?"

केतकीनं आईसाठी ठेवलेल्या खोलीतल्या मोरपिशी पडद्यांकडे पाहिलं. तिला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही.

"बरं," ती म्हणाली.

"हे बरं खरं ना गो? की माझ्यासारखं?"

"तू एक्स्चेंजवाली आहेस. आवाज ऐक आणि तूच सांग."

मंदाकिनीबाईंनी कान दिला. पंखा पुन्हा वेगात फिरू लागला. मग त्या एकदम हसल्या, आणि मागून पावसकरांनी ओरडून विचारलं, "पास का?"

"पास हो, पास!" आई म्हणाली. "चहा घ्या तुमचा, निवतोय."